सात भावंडं, एक घर आणि मोजके पैसे: ‘द फिट्झगेराल्ड फॅमिली ख्रिसमस’ कसा जमला?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकन नट-दिग्दर्शक एडवर्ड बर्न्सचा २०१२ सालचा ‘द फिट्झगेराल्ड फॅमिली ख्रिसमस’ हा कमी पैशांतला स्वतंत्र चित्रपट. पण त्यात सात भावंडं, आई, वडील, त्यांचे नवरे-बायका, प्रियकर-प्रेयसी अशी बोलत्या पात्रांची ही मोठी यादी आहे. कमी बजेट असेल तर दोन-तीन पात्रं आणि एक खोली घ्या, असं सगळे सांगतात. मग एवढा गोतावळा बर्न्सने कसा परवडवला? आणि सणाला घर जमतं त्यावर आपल्याला चित्रपट करायचा असेल तर यातून काय उचलावं?

मी कॅमेऱ्यामागची नाही, शेड्यूल आणि हिशेबाच्या बाजूची. आधी सहदिग्दर्शक आणि मग कार्यकारी निर्माती म्हणून लहान चित्रपटांचं गणित मांडत आले आहे. त्यामुळे हा चित्रपट मी कॉल शीटच्या, म्हणजे कोणत्या दिवशी कुणाला सेटवर बोलवायचं त्या कागदाच्या, नजरेने बघते, आणि त्या नजरेने बघितलं की एक गोष्ट लगेच दिसते. अख्खा चित्रपट घर एकत्र येण्याबद्दल आहे, पण घर जवळजवळ कधीच एकत्र नसतं. त्याचं स्वस्त असणं आणि त्याचं चांगलं असणं, दोन्ही इथूनच येतं.

आधी गोष्ट. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं आयरिश-अमेरिकन कॅथलिक कुटुंब. वडील जिम वीस वर्षांपूर्वी बायको आणि सात मुलं टाकून निघून गेले. आता त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झालाय, दिवस थोडे उरलेत आणि या नाताळला त्यांना घरी यायचंय. आई रोझीचा साफ नकार. थोरला गेरी, म्हणजे स्वतः बर्न्स, आईजवळ राहून घर सांभाळतो. वडिलांना येऊ द्यायचं की नाही यावर तो एकेका भावंडाला गाठून मत घेत फिरतो. ज्याचं त्याचं आयुष्य आपापल्या गुंत्यात अडकलेलं. आईच्या सत्तराव्या वाढदिवसालाही पोरं कारणं देऊन टाळतात, तिथून चित्रपट सुरू होतो.

आता यातली ‘एकेका भावंडाला गाठून’ ही गोष्ट निर्मात्याच्या कानाने ऐका. सात भावंडं एका फ्रेममध्ये हवी असतील तर सात जणांच्या तारखा एकाच दिवशी जुळाव्या लागतात. आपल्याकडे सेटवर याला ‘कॉम्बिनेशन’ म्हणतात, आणि लहान चित्रपटाचे पैसे कॅमेऱ्यापेक्षा जास्त या कॉम्बिनेशनमध्ये बुडतात. एकाची मालिका सुरू असते, दुसऱ्याचं नाटक दौऱ्यावर असतं, तिसरी मुंबईबाहेर असते. सगळ्यांसाठी थांबलात तर बाकीचे बसून राहतात, आणि बसलेल्या माणसाचंही मानधन, गाडी, जेवण लागतंच. बर्न्सने गोष्टच अशी लिहिलीय की बहुतेक प्रसंगांना दोन नाहीतर तीन माणसं पुरतात. गेरी आणि एक बहीण. दोन बहिणी. गेरी आणि वडील. नट आला, त्याचे सगळे प्रसंग ओळीने उरकले आणि तो मोकळा झाला, असं शेड्यूल यातून आपोआप पडतं. गेरी जिच्या प्रेमात पडतो त्या नोराची भूमिका करणारी कॉनी ब्रिटन त्या वेळी अमेरिकेत टीव्हीचा मोठा चेहरा होती; तिचं कामही मुख्यतः गेरीबरोबरच आहे. नाव असलेल्या नटीकडून थोडे दिवस मागायचे असतील तर भूमिका अशीच लिहावी लागते.

यात नुसती काटकसर नाही. दोघंदोघं बोलतात तेव्हा तिसऱ्याबद्दल बोलतात. प्रत्येक प्रसंगात कुणीतरी गैरहजर असतं आणि विषय त्याचाच असतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या डोक्यात कुटुंब तयार होत जातं, आणि सगळे कधी एका टेबलाशी बसतील याची ओढ लागते. गर्दी दाखवायला पैसे लागतात. तिची वाट बघायला लावायला लेखन लागतं.

बर्न्सला हे एका रात्रीत सुचलेलं नाही. १९९५ चा त्याचा पहिला चित्रपट ‘द ब्रदर्स मॅकमुलन’ बघा. चित्रीकरणाचा खर्च साधारण २५ हजार डॉलर. मुख्य लोकेशन म्हणजे लाँग आयलंडवरच्या व्हॅली स्ट्रीममधलं त्याच्या आईवडिलांचं घर. तो तेव्हा टीव्हीवरच्या मनोरंजनाच्या बातम्यांच्या एका कार्यक्रमात साहाय्यकाची नोकरी करत होता; शूटिंगचे दिवस साधारण बारा, पण ते आठेक महिन्यांवर पसरलेले. पैसे जमले आणि माणसं मोकळी सापडली की एखादा शनिवार-रविवार. त्या चित्रपटाची सुरुवातच आठवा: वडिलांना पुरून झाल्याबरोबर आई मुलाला सांगते की मी आयर्लंडला चालले, माझं खरं प्रेम तिथे आहे. आई एका प्रसंगात गोष्टीतून बाहेर, म्हणजे त्या नटीचे पुढचे सगळे दिवस वाचले, आणि तीन भावांच्या डोक्यात प्रेमाबद्दलचा गोंधळ मात्र पूर्ण चित्रपटभर राहिला. हा निर्णय मला फार आवडतो. चित्रपटाची कॅसेट त्याने नोकरीच्या निमित्ताने भेटलेल्या रॉबर्ट रेडफर्डच्या, म्हणजे सनडान्स महोत्सवामागच्या नटाच्या, हातात दिली, सनडान्सला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, फॉक्स सर्चलाइट या वितरण कंपनीचा तो पहिला चित्रपट ठरला आणि अमेरिकेत त्याने एक कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

पुढे बर्न्सने मोठ्या बजेटचे चित्रपटही केले. मग २०११ मध्ये ‘न्यूलीवेड्स’ अवघ्या ९ हजार डॉलरमध्ये काढला. कॅनन ५डी कॅमेरा, तीन जणांचं युनिट, बारा दिवस. त्याने स्वतः सांगितलेला हिशेब असा: ५ हजार नटांना, २ हजार विम्याला, २ हजार खाण्यापिण्याला. कपडे नटांचे स्वतःचे, मेकअपही त्यांनीच करायचा. या तीन आकड्यांतला मधला नीट बघा. एवढ्या कमी पैशांतही विमा वगळलेला नाही. आपल्याकडे पहिलं तेच कापलं जातं आणि मला त्याचा राग येतो. कुणाच्या तरी राहत्या घरात वीस माणसं, तारा आणि दिवे घेऊन तुम्ही शिरणार असाल तर विमा ही घरमालकाप्रती असलेली जबाबदारी आहे.

कुटुंबाच्या चित्रपटाकडे परत येण्याचा धक्का त्याला नट-दिग्दर्शक टायलर पेरीने दिला. दोघं २०१२ च्या ‘अ‍ॅलेक्स क्रॉस’मध्ये एकत्र काम करत होते. पेरी स्वतःचा प्रेक्षक पक्का ओळखणारा माणूस. त्याचं म्हणणं असं की तुझ्या पहिल्या दोन चित्रपटांवर आयरिश-अमेरिकन घरांनी जीव लावला, त्यांच्याकडे परत का जात नाहीस, आणि नाताळचा चित्रपट कर. सल्ला धंद्याचा होता, पण त्यातून बर्न्सला त्याचा सगळ्यात ओळखीचा प्रदेश परत मिळाला. ‘मॅकमुलन’मधले मायकेल मॅकग्लोन आणि कॉनी ब्रिटन सतरा वर्षांनंतर इथेही त्याच्याबरोबर दिसतात. पहिल्या चित्रपटात आई निघून गेली होती. या वेळी निघून गेलेला बाप दारात उभा आहे.

आता टेबलाचा प्रसंग, कारण तुम्ही कितीही टाळलंत तरी अशा चित्रपटात शेवटी सगळ्यांना एकदा जेवायला बसवावंच लागतं. आणि लहान युनिटसाठी यापेक्षा अवघड प्रसंग नाही. नऊ माणसं टेबलाशी आहेत असं धरा. एक मास्टर शॉट, म्हणजे अख्खं टेबल एका फ्रेममध्ये, नऊ जणांचे एकेकटे क्लोज, त्यात दोघांचे दोन-तीन, वाढणाऱ्या हाताचा एखादा. तेरा-चौदा सेटअप झाले, म्हणजे तितक्या वेळा कॅमेरा नव्या जागी लावायचा. घरातल्या घरात दिवे हलवून प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास धरा. दहा तासांची शिफ्ट गेली आणि प्रसंग अजून हातात आलेला नाही. त्यात नजरेची दिशा. एक नट डावीकडच्या बहिणीशी बोलता बोलता समोरच्या भावाकडे वळतो, तिथे अ‍ॅक्सिस, म्हणजे बोलणाऱ्या दोघांमधली काल्पनिक रेघ, बदलते, आणि क्लोजमध्ये तो भलतीकडेच बघतोय असं दिसतं. म्हणून बसायची जागा लेखनाच्या वेळीच ठरवा. ज्यांच्यात वाद होणार ते समोरासमोर, ज्यांच्यात कुजबुज ते शेजारी, आणि ज्याला बोलायचं नाही तो टेबलाच्या टोकाला. कागदावर टेबल काढून त्यावर नावं लिहा आणि तो कागद कॅमेरामन, एडिटर आणि स्क्रिप्ट सुपरवायझर तिघांकडे द्या.

मग अन्न. पानात काय उरलंय हे शॉटगणिक जुळवणं म्हणजे कंटिन्युइटीवाल्या मुलीची परीक्षा. कापलेली टर्की परत अखंड होत नाही. पाच टेक म्हणजे पाच टर्की. यावर जुना आणि खात्रीचा उपाय असा की प्रसंग जेवणाच्या मधे ठेवायचाच नाही. वाढायच्या आधीचा क्षण घ्या, म्हणजे पानं भरलेली पण अस्पर्श. नाहीतर जेवण उरकल्यावरचा घ्या, ग्लास हातात आणि ताटं बाजूला सरकवलेली. प्रार्थना, टोस्ट, भाषण, भांडण, सगळं या दोन ठिकाणी बसतं. कॅथलिक घरात जेवणाआधीची प्रार्थना असतेच, त्यामुळे पहिला पर्याय तिथे अगदी स्वाभाविक वाटतो.

हेच एका थोर दिग्दर्शकाने कसं केलं ते बघायचं असेल तर जॉन ह्यूस्टनचा ‘द डेड’ (१९८७) बघा. जेम्स जॉइसच्या कथेवरचा, १९०४ च्या डब्लिनमधला, ६ जानेवारीचा म्हणजे एपिफनीचा मेजवानीचा दिवस. आयर्लंडमध्ये नाताळचा मोसम त्या दिवशी संपतो. ८३ मिनिटांच्या चित्रपटाचा मोठा भाग म्हाताऱ्या मावशांच्या घरातल्या एका संध्याकाळचा. बजेट सुमारे ३५ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळच. ह्यूस्टन तेव्हा ऐंशीचे, फुप्फुसाच्या आजाराने जर्जर, चाकाच्या खुर्चीत, नाकाला प्राणवायूची नळी. ते आयर्लंडला जाऊ शकत नव्हते, म्हणून डब्लिनचं घर कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेन्सियाच्या एका गोदामात उभं केलं, आयरिश नट तिकडे आणले, आणि डब्लिनचे रस्ते दुसऱ्या युनिटने जाऊन टिपले. विमा कंपनीच्या समाधानासाठी कॅरेल राइझ हा दिग्दर्शक राखीव ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. ऑगस्टमध्ये ह्यूस्टन गेले आणि चित्रपट त्यांच्या पश्चात प्रदर्शित झाला. पटकथा मुलगा टोनीची, मुख्य भूमिकेत मुलगी अँजेलिका. गोष्टही कुटुंबाची आणि काम करणारंही कुटुंबच.

त्यातला एकच प्रसंग सांगते, कारण कमी पैशांत घर कसं वापरावं याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. म्हातारी ज्युलिया मावशी पाहुण्यांसमोर गाते. एकेकाळी तिचा आवाज चांगला होता, आता तो कापरा झालाय. ती गायला लागते आणि थोड्या वेळाने कॅमेरा तिला सोडून जिन्याने वर, दुसऱ्या खोलीत जातो. गाणं मागून ऐकू येत राहतं आणि आपल्याला दिसतात तिच्या वस्तू: भरतकाम, जुने फोटो, शोभेच्या चिनीमातीच्या लहान बाहुल्या, जपमाळ. नट नाहीत, संवाद नाहीत, गर्दी नाही. एका बाईचं अख्खं आयुष्य त्या वस्तूंवरून सरकत जातं आणि खालच्या खोलीत टाळ्या पडतात. निर्मातीच्या नजरेने बघितलं तर हा काही तासांत होणारा, एकही नट न लागणारा शॉट आहे. तुम्ही ज्या घरात शूट करणार तिथे एक दिवस आधी नुसतं फिरा, कपाटांवर आणि भिंतींवर काय आहे ते बघा. कलादिग्दर्शकाने भाड्याने आणलेल्या सामानात ते सापडणार नाही.

घराबद्दल तांत्रिक थोडं. अमेरिकेतल्या साध्या घरात एका सर्किटवर १५ अँपिअर, १२० व्होल्ट, म्हणजे १८०० वॉट. एक किलोवॉटचे दोन दिवे एकाच ठिकाणी लावलेत की फ्यूज गेला. लहान युनिटला ५डीसारख्या कॅमेऱ्याने मोठी सुटका दिली ती इथे. कमी उजेडात चालणाऱ्या सेन्सरमुळे ख्रिसमस ट्रीवरच्या माळा आणि टेबलावरचे दिवे हेच लायटिंग झालं. मात्र स्वस्त एलईडी माळा कॅमेऱ्यात लुकलुकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तेव्हा शटर १/५० वर ठेवा. तरीही आदल्या दिवशी नेमकी तीच माळ लावून टेस्ट घ्या. जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बच्या माळा मिळाल्या तर त्या जास्त बऱ्या, चेहऱ्यावर उजेडही उबदार पडतो.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. घरातल्या चित्रपटात संवाद हाच माल असतो आणि डबिंगमध्ये भावंडांच्या बोलण्यातली एकावर एक पडणारी लगबग मरते. सिंक साउंडच, म्हणजे शूटिंगच्या वेळचाच आवाज, घ्या. फ्रीज बंद करायचा आणि ज्याने बंद केला त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची; किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून पॅक-अपला फ्रीज परत चालू होतोच. साउंडवाल्यांची ही युक्ती जगभर चालते. थंडीच्या देशात हीटर बंद केला की दहा मिनिटांत नट कुडकुडायला लागतात, म्हणून टेक लहान ठेवावे लागतात. व्हॅली स्ट्रीम तर केनेडी विमानतळाच्या अगदी शेजारी. तिथे विमान जाईपर्यंत थांबायचा वेळ शेड्यूलमध्ये धरूनच चालायचं.

बाहेरच्या दृश्यांत सणच तुमचा कलादिग्दर्शक होतो. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत न्यूयॉर्क आणि आसपासची उपनगरं फुकट सजलेली असतात. रस्ता अडवणार नसाल आणि कॅमेरा हातातच असेल तर न्यूयॉर्क शहरात परवानाही लागत नाही. पण दिवस लहान: डिसेंबरच्या शेवटी साडेचारला सूर्य मावळतो. म्हणून दुपारच्या आधी बाहेरचं आणि मग घरातलं, असाच क्रम लावावा लागतो.

संगीतावर एक गोष्ट बजावून सांगते, कारण सणाच्या चित्रपटात हमखास इथे पाय घसरतो. ‘सायलेंट नाइट’ १८१८ ची चाल, ‘जिंगल बेल्स’ १८५७ चं. या रचनांवर आता कुणाचा हक्क नाही. पण त्यांची बाजारात मिळणारी रेकॉर्डिंग मोकळी नसतात. संगीतकाराकडून ती चाल नव्याने वाजवून घ्या, पियानो आणि एक व्हायोलिन पुरतं. ‘व्हाइट ख्रिसमस’ मात्र १९४० च्या दशकातलं, त्याला हात लावायचा तर पैसे मोजावे लागतील. नटाने सेटवर सहज गुणगुणलेली ओळसुद्धा हिशेबात येते.

आता ‘फिट्झगेराल्ड’बद्दल माझं मत, कारण तुम्ही त्याचं अनुकरण करणार असाल तर त्याच्या उणिवाही माहीत हव्यात. सात भावंडं दोन तरी जास्त झाली. प्रत्येकाला एक अडचण वाटून दिलीय: एकीचं लग्न मोडतंय, एकीचा नवरा वाईट निघालाय, एकजण व्यसनमुक्ती केंद्रातून परतलाय. काही धागे दोन प्रसंगांत सुरू होऊन तिसऱ्यात मिटतात, आणि ते आपल्यापर्यंत नुसत्या बातमीसारखे पोहोचतात. पाच भावंडांत ही गोष्ट जास्त खोल गेली असती. पण अनिटा जिलेटची रोझी आणि एड लॉटरचा जिम यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लॉटर फार थोडं बोलतात. टाकून गेलेला माणूस माफी मागायला येतो तेव्हा त्याला भाषण लिहून द्यायचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. बर्न्सने तो आवरलाय. आणि नकार देणाऱ्या आईला त्याने कुठेही कठोर ठरवलेलं नाही. वीस वर्षं एकटीने ओढल्यावर सणाच्या नावाखाली तिने एका दिवसात विसरावं, ही अपेक्षा मुलांची आहे, आणि चित्रपट तिच्या बाजूनेही तितकाच उभा राहतो. तुमच्या गोष्टीत असं नकार देणारं माणूस असेल तर सगळ्यात चांगला नट त्या भूमिकेला घ्या, नायकाच्या नव्हे.

शेवटचा मुद्दा तारखांचा. हा चित्रपट सप्टेंबर २०१२ मध्ये टोरोंटो महोत्सवात दाखवला गेला, ट्रायबेका फिल्म या वितरण कंपनीने घेतला, २१ नोव्हेंबरपासून घरबसल्या पैसे भरून बघता येऊ लागला आणि ७ डिसेंबरला थिएटरमध्ये लागला. थिएटरच्या आधी घरी, हा क्रम मुद्दाम होता. बर्न्सने २००७ मध्येच ‘पर्पल व्हायोलेट्स’ थेट आयट्यून्सवर आणून तो मार्ग चाचपून बघितला होता. सणाच्या चित्रपटाला दरवर्षी नवा मोसम मिळतो, पण पहिला मोसम चुकला तर पूर्ण वर्ष पैसे अडकून राहतात. म्हणून उलटीकडून मोजा: डिसेंबरमध्ये प्रदर्शन हवं तर सप्टेंबरच्या महोत्सवांत दिसायला हवा, त्यांच्या प्रवेशिका उन्हाळ्यापर्यंत जातात, म्हणजे एडिट मे महिन्यात हातात हवा आणि शूट त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत, सजावट उतरायच्या आत. या वर्षीच्या सणात शूट करायचं असेल तर संहिता ऑगस्टपर्यंत पक्की करा आणि सप्टेंबरमध्ये सगळ्यात आधी टेबलाच्या त्या एका दिवसाच्या तारखा नऊही जणांकडून लेखी घ्या. बाकीचं शेड्यूल त्या दिवसाभोवती लावता येतं.